पसंतीक्रमाचं मतदान आपल्या शहरात आणायचंय? मग या चुका टाळा

नगरपरिषदेची निवडणूक संपली की रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत प्रत्येक नाक्यावर एकच हिशेब चालतो: अमक्याने तमक्याची मतं खाल्ली, नाहीतर निकाल वेगळा असता. यातूनच हल्ली कोणी ना कोणी म्हणतं, नगराध्यक्ष पसंतीक्रमाने निवडा. उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे घालायचे. कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर सगळ्यांत खालचा बाद, आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीकडे. कल्पना मला पटते. पण तिचा आग्रह धरणारी मंडळी नेहमीच्याच चार-पाच ठिकाणी घसरतात. आणि दोष देतात मतदाराला, की लोकांना जमणार नाही. लोकांना जमतं. अडतं ते आधी न ठरवलेल्या नियमांवर.

ठराव केला की झालं?

नाही. नगरपरिषदेच्या निवडणुका १९६५ च्या राज्याच्या अधिनियमाखाली होतात आणि त्या घेतं राज्य निवडणूक आयोग. सभागृहाने एकमताने ठराव केला तरी मतदानाची पद्धत बदलत नाही, त्यासाठी विधिमंडळाने कायदा बदलावा लागतो. म्हणून मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर निवेदनांची चळत लावू नका, आमदारांकडे जा. सवय मात्र आजपासून करता येते. वाडीचं मंडळ, क्रिकेट स्पर्धेची समिती, जिथे नियम तुमचे तुम्हीच करता तिथे.

एकदम सगळ्या जागांना हात घालू नका. प्रभागात अ आणि ब अशा जागा, वर नगराध्यक्ष. मतदाराला एका फेरीत तीन याद्यांना आकडे घालायला लावलंत तर गोंधळ हमखास. आधी फक्त नगराध्यक्ष.

‘हे परदेशी खूळ आहे’ असं कोणी म्हटलं तर गप्प बसणं

ही चूक तर करूच नका. विधान परिषदेचे कोकण विभागातले पदवीधर मतदारसंघ आणि शिक्षक मतदारसंघ, दोन्हीकडे असंच मतदान होतं. राष्ट्रपतीही असाच निवडला जातो. तुमच्या गावातल्या हायस्कूलचे मास्तर हे करून आलेत. केंद्रावर जांभळ्या शाईचा स्केच पेन देतात, तोच वापरायचा. आकडा देवनागरीत चालतो, रोमनही चालतो, पण ‘एक’ असं अक्षरात लिहिलंत तर चालत नाही. बरोबरची खूण, फुली, सही, अंगठा यातलं काही केलंत की मत गेलं. १ कुठेच नसेल किंवा दोघांपुढे असेल तरीही बाद. २ दोनदा पडला तर मात्र पहिली पसंती धरतात, पुढचं सोडून देतात.

इतकी शिकलेली माणसं, तरी मतं बाद होतातच. कारण वर्षानुवर्षं हाताला सवय बटणाची किंवा शिक्क्याची. तेव्हा भाषणं देऊन प्रशिक्षण होत नाही, हातात नमुना मतपत्रिका आणि पेन द्यावा लागतो. बोलताना ‘पहिला नंबर, दुसरा नंबर’ म्हणा. ‘गुण द्या’ म्हणालात तर आवडत्या उमेदवाराला कोणीतरी ५ देणारच.

वाकड्या मतपत्रिकेचा नियम मागाहून ठरवणं

सगळ्यांत महागात पडते ती ही चूक. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात २०२२ साली शाळा मंडळाच्या एका जागेवर चुकीचा उमेदवार विजयी म्हणून जाहीर झाला. पहिली पसंती कोरी सोडून दुसरी भरलेल्या मतपत्रिकांचं काय करायचं, याचं मोजणीच्या सॉफ्टवेअरमधलं सेटिंग चुकलं होतं. तिथल्या नियमानुसार अशा पत्रिकेवरची दुसरी पसंती पहिली म्हणून धरायची होती. चूक कळेपर्यंत निकालावर शिक्कामोर्तब झालं होतं, मग प्रकरण कोर्टात. आपल्या विधान परिषदेच्या नियमात तीच पत्रिका सरळ बाद. म्हणजे एकच कागद, एका ठिकाणी चालतो, दुसरीकडे नाही. दोन्ही नियम चालतील, पण कुठला ते अर्ज भरण्याआधी ठरलेलं आणि छापलेलं हवं.

‘निम्म्याहून जास्त’ म्हणजे कशाच्या निम्म्याहून?

हे समजवायला मासळीची निवडणूक घ्या. समजा १०० मतपत्रिका. पापलेटला ४०, सुरमईला ३५, बांगड्याला २५. कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, ५१. कोणीच पोचलं नाही, बांगडा बाद. त्याच्या २५ पैकी १४ जणांची दुसरी पसंती सुरमई, ५ जणांची पापलेट, आणि ६ जणांनी बांगड्याशिवाय काही लिहिलंच नाही. आता सुरमई ४९, पापलेट ४५. सुरमई जिंकली, पण ५१ कुठे आहेत? इथे हमखास आरडाओरडा होतो, आणि पापलेटवाल्यांचा आवाज सगळ्यांत मोठा, कारण पहिल्या फेरीत तेच पुढे होते.

त्या ६ पत्रिका वाया गेल्या नाहीत, त्यांची पसंती संपली. म्हणून ‘विजेत्याला एकूण मतांच्या निम्म्याहून जास्त मतं मिळतीलच’ असं पत्रकात कधी छापू नका. ‘शेवटच्या फेरीत उरलेल्या मतांपैकी’ असं लिहा. ‘फक्त १ टाका, २ टाकलात तर आपल्या माणसाचं नुकसान’ हा प्रचार तर होणारच. एका जागेच्या निवडणुकीत तो खोटा आहे. तुमचा पहिला उमेदवार शर्यतीत असेतो दुसऱ्या पसंतीकडे कोणी बघतसुद्धा नाही.

हे औषध सगळ्या रोगांवर विकणं

२०१४ ची रायगड लोकसभा आठवते? अनंत गीते सुनील तटकरेंविरुद्ध २,११० मतांनी जिंकले, आणि सुनील तटकरे याच नावाच्या दुसऱ्या एका अपक्षाने ९,८४९ मतं घेतली. पसंतीक्रम असता तर हे टळलं असतं, असं सांगत फिरणारे भेटतात. टळलं नसतं. चुकून भलत्याच नावापुढे १ लिहिणारा मतदार आपण बरोबर केलं असंच समजतो, मग खऱ्यापुढे २ कशाला लिहील? नामसाधर्म्यावर उपाय फोटो, आणि लोकसभा-विधानसभेच्या मतपत्रिकेवर तो २०१५ पासून आला. पसंतीक्रमाने मतविभागणीचा प्रश्न सुटतो, तेवढंच सांगा.

निकालाच्या दिवसाची तयारी न करणं

आपली ईव्हीएम मशीन एका बटणाला एक मत नोंदवते, क्रम नोंदवत नाही. म्हणजे कागद आला, हाताने मोजणी आली आणि रात्र जाणार. दुपारी बारापर्यंत गुलाल उधळायची सवय असलेल्या लोकांना हे आधी सांगितलं नाही तर संध्याकाळी ‘आत काहीतरी शिजतंय’ सुरू होतं. यंत्राने मोजलं तरी सुटका नाही. न्यू यॉर्कमध्ये जून २०२१ मध्ये महापौरपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पसंतीक्रमाच्या निवडणुकीच्या सुरुवातीच्या आकड्यांत चाचणीसाठीच्या सुमारे १ लाख ३५ हजार मतपत्रिका तशाच राहिल्या होत्या. आकडे त्याच रात्री मागे घ्यावे लागले.

तेव्हा रंगीत तालमीचे गठ्ठे मोजणीच्या खोलीत येऊच देऊ नका, आणि प्रत्येक फेरी संपली की तक्ता बाहेर लावा: कोण बाद, त्याची किती मतं कोणाकडे गेली, किती पत्रिकांची पसंती संपली. शर्यतीत उरलेल्यांची मतं आणि तोवर पसंती संपलेल्या पत्रिका यांची बेरीज पहिल्या फेरीतल्या वैध मतांशी जुळली पाहिजे. न जुळल्यास पुढची फेरी सुरू करायची नाही, मग बाहेर कितीही घोषणा चालू असोत.