गुन्हेशास्त्राचा लिटरेचर रिव्ह्यू लिहिताय? मग या चुका टाळा

गाईडने समासात ‘फारच वर्णनात्मक’ एवढाच शेरा मारून रिव्ह्यू (म्हणजे आपल्या विषयावर आधी झालेल्या संशोधनाचा आढावा) परत दिला, की बहुतेक विद्यार्थी घाईघाईने आणखी दहा संदर्भ घालतात. दुखणं तिथे नसतंच. ‘अमुक यांनी 2009 मध्ये असं म्हटलं, तमुक यांनी 2013 मध्ये तसं म्हटलं’ अशी परिच्छेदांची रांग लावली, तर वाचणाऱ्याच्या हाती नुसती यादी पडते. आपला मसुदा तपासायचा असेल तर प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वाचत जा. सगळीकडे संशोधकांची नावंच दिसली आणि एकही विधान सापडलं नाही, तर संदर्भ वाढवू नका, मांडणी मोडा.

मांडणी मोडायची कशी? विषयाऐवजी प्रश्न धरून. ‘बालगुन्हेगारी’ हा विषय झाला. त्यावर आयुष्यभर वाचत बसता येईल. ‘शाळा मध्येच सोडणं आणि पहिली अटक यांचा काय संबंध?’ हा प्रश्न झाला. त्याला लागू नसलेला निबंध कितीही गाजलेला असो, खुशाल बाजूला ठेवा.

गुन्हा मोजला कसा, हे न विचारणं

माझ्या मते या विषयातली सर्वांत महागात पडणारी चूक हीच. दोन अभ्यास ‘गुन्हे वाढले’ आणि ‘गुन्हे घटले’ असं म्हणतात आणि आपण लिहून मोकळे होतो की संशोधकांमध्ये मतभेद आहेत. मतभेद असतीलच असं नाही. कदाचित एकाने पोलिसांच्या नोंदी घेतल्या असतील आणि दुसऱ्याने लोकांना घरी जाऊन विचारलं असेल.

पोलिसांच्या नोंदीत गुन्हा यायला आधी कोणीतरी तक्रार करावी लागते आणि मग पोलिसांनी ती लिहून घ्यावी लागते. ही गळती भरून काढायला ‘तुमच्याबाबतीत कोणता गुन्हा घडला?’ असं लोकांनाच विचारणारी पीडितांची सर्वेक्षणं आली: अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर 1973 पासून, इंग्लंड आणि वेल्समध्ये 1982 पासून. पण खून त्यांत येऊच शकत नाही, उत्तर द्यायला माणूस नसतो. तिसरा मार्ग म्हणजे ‘तुम्ही स्वतः काय केलंत?’ असं थेट विचारणं. 1950 च्या दशकाच्या अखेरीस जेम्स शॉर्ट आणि इव्हान नाय या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी किशोरवयीन मुलांना तसं विचारलं, तेव्हा पोलिस आणि न्यायालयांच्या नोंदींत ठळक दिसणारा गरीब वर्ग आणि बालगुन्हेगारी यांचा संबंध बराच फिका पडला. पण अशा प्रश्नावलीत किरकोळ खोड्याच जास्त पकडल्या जातात, अशी टीका पुढे झालीच.

‘पुन्हा गुन्हा करणं’ या शब्दप्रयोगाबाबत तर दुप्पट सावध राहा. कुणी पुन्हा झालेली अटक मोजतो, कुणी पुन्हा सिद्ध झालेला गुन्हा, कुणी पुन्हा झालेला तुरुंगवास. कुणी सहा महिने थांबतो, कुणी तीन वर्षं. म्हणून वाचतानाच एक तक्ता भरत जा: कुठला देश, कोणता काळ, नमुना कोणाचा, गुन्हा कसा मोजला, पाठपुरावा किती दिवस. निष्कर्षाचा रकाना शेवटी ठेवा. पाच-सहा नोंदी झाल्या की अर्धे ‘मतभेद’ तक्त्यातच विरघळलेले दिसतील.

अभ्यासाचं पुढे काय झालं, हे न पाहणं

रॉबर्ट मार्टिन्सन यांचा 1974 चा लेख गुन्हेगारांच्या पुनर्वसनावरच्या असंख्य रिव्ह्यूंमध्ये येतो. 231 मूल्यमापन-अभ्यास पाहून ‘कशाचाच उपयोग होत नाही’ असा सूर त्यांनी लावला, असं सगळे लिहितात. 1979 मध्ये त्यांनी स्वतःच त्या निष्कर्षाला मुरड घातली, हे मात्र कमी जण लिहितात. म्हणून गुगल स्कॉलरवर निबंध उघडलात की त्याखालच्या ‘साइटेड बाय’वर (त्याचा संदर्भ देणाऱ्या नंतरच्या निबंधांची यादी) क्लिक करायची सवय लावा. प्रयोगाची पुनरावृत्ती, टीका, माघार, बरंच काही तिथे सापडतं.

कौटुंबिक हिंसाचार आणि अटक यांचं उदाहरण घ्या. पहिला खर्डा साधारण असा असतो:

‘शर्मन आणि बर्क (1984) यांच्या मते अटकेमुळे कौटुंबिक हिंसाचार कमी होतो. शर्मन आणि सहकारी (1992) यांच्या मते बेरोजगारांमध्ये तो वाढतो.’

आता हाच मजकूर विधानापासून सुरू करून बघा:

‘अटकेचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातल्या प्रयोगात सहा महिन्यांच्या पाठपुराव्यात पुन्हा हिंसा घडण्याचं प्रमाण अटक झालेल्यांमध्ये सर्वांत कमी आढळलं (शर्मन आणि बर्क, 1984). मिलवॉकीत मात्र नोकरी असलेल्यांना अटकेचा धाक बसला, तर बेरोजगारांमध्ये हिंसा वाढली (शर्मन आणि सहकारी, 1992). त्यामुळे ज्यांच्याकडे गमावण्यासारखं काही आहे त्यांच्यावरच अटकेचा वचक बसतो का, हा प्रश्न पुढे येतो.’

संदर्भ तेच दोन. दुसऱ्या परिच्छेदातून तुमच्या संशोधनाचा प्रश्न आपसूक बाहेर पडतो.

लेख आणि पुरावा यांची गल्लत

‘तुटक्या खिडक्यां’चा सिद्धांत (परिसरातल्या छोट्या अव्यवस्थेकडे दुर्लक्ष झालं की मोठे गुन्हे वाढतात) ‘विल्सन आणि केलिंग यांनी 1982 मध्ये सिद्ध केला’ असं सर्रास लिहिलं जातं. तो एका मासिकातला लेख होता. त्यात तर्क होता, निरीक्षणं होती, पण गृहीतक तपासणारा अभ्यास नव्हता. 1999 मध्ये रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन रॉडनबुश यांनी शिकागोच्या रस्त्यांचं पद्धतशीर चित्रीकरण करून पाहणी केली. परिसरातली अव्यवस्था आणि गुन्हे या दोन्हींच्या मुळाशी एकवटलेली गरिबी आणि शेजाऱ्यांचा परस्परविश्वास असे घटक असतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे दोन संदर्भ एकाच वजनाने एका ओळीत बसवू नका.

सिद्धांतांचंही तेच. गुन्हा का घडतो याचे सिद्धांत मांडणारे दोन पानं मर्टन, दोन पानं सदरलंड, दोन पानं हिर्शी आणि पुढच्या प्रकरणांत कुणाचंच नाव नाही, अशी पानं सरळ कापा.

काही किरकोळ, पण नडणाऱ्या गोष्टी

मूळ निबंध न वाचता दुसऱ्याच्या रिव्ह्यूमधून संदर्भ उचलू नका. चुकीचं पान, चुकीचं साल असंच पिढ्यान्‌पिढ्या फिरतं. चॅटबॉटने दिलेला संदर्भ जर्नलच्या साइटवर प्रत्यक्ष उघडल्याशिवाय वापरू नका, कारण अस्तित्वातच नसलेले निबंध तो बिनदिक्कत सांगतो. निबंध मागे तर घेतलेला नाही ना, हेही बघा: 2019-20 मध्ये या क्षेत्रातल्या नामांकित जर्नल्सना आकड्यांतल्या विसंगतींवरून काही निबंध मागे घ्यावे लागले होते. आणि ‘फरक पडला नाही’ असं सांगणारे अभ्यास छापून येणं अवघड असल्याने शासकीय अहवाल आणि अप्रकाशित प्रबंधही धुंडाळा.

‘या विषयावर संशोधन झालेलं नाही’

व्हायव्हात, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, पहिली विकेट या वाक्यावर जाते. परीक्षकाला एक निबंध आठवला की संपलं. त्याऐवजी कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणते शब्द टाकून, कोणत्या तारखेपर्यंत शोधलंत ते लिहा आणि उणीव नेमकी सांगा: महिला कैद्यांचा नमुना नाही, की पाठपुरावा सहा महिन्यांपलीकडे गेलेला नाही, की सगळे आकडे फक्त पोलिसांच्या नोंदींतले आहेत. वरचा तक्ता नीट भरला असेल तर ही उणीव शोधावी लागत नाही, रिकामा रकानाच ती दाखवतो.