सन्मान पेन्शन: तुरुंगवासाचा पुरावा कसा जुळवावा

केंद्राच्या १९८०च्या स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शन योजनेत किमान ६ महिन्यांचा तुरुंगवास लागतो. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ३ महिने. आधी तुरुंग कार्यालयाकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला मागा. त्यात आत गेल्याची आणि सुटकेची तारीख, कलम आणि शिक्षा हवी. कच्च्या कैदेचे (खटला चालू असतानाचे) दिवस पुढे शिक्षा झाली असेल तरच धरतात, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

नोंदी नष्ट झाल्या असतील तर राज्य शासनाकडून अभिलेख उपलब्ध नसल्याचा दाखला घ्या आणि दोन सहबंद्यांची प्रमाणपत्रे जोडा. ते त्याच तुरुंगात सोबत असावेत, त्यांचा स्वतःचा किमान १ वर्षाचा तुरुंगवास सिद्ध झालेला असावा. नुसते ‘मी यांना ओळखतो’ चालत नाही.

तुरुंगवासाऐवजी भूमिगत राहिलेल्यांनी फरारी घोषित केल्याचा, अटकेसाठी बक्षीस लावल्याचा किंवा न बजावलेल्या स्थानबद्धता आदेशाचा कागद शोधावा.