जुनं ४:३ फुटेज १६:९ करताना

अंधेरीतल्या एका स्टुडिओत एडिटिंगला लागून मला तीन महिने झाले होते. लालबागच्या एका गोविंदा पथकावर छोटी फिल्म चालली होती आणि पथकाकडून २००३ च्या मिनीडीव्ही टेप (छोट्या डिजिटल व्हिडिओ कॅसेट) आल्या होत्या. त्यांचं चित्र ४:३, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन. एडिटिंगची टाइमलाइन १९२० बाय १०८० पिक्सेलची, म्हणजे जास्त रुंद, १६:९ ची. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या मला खटकल्या, म्हणून सगळ्या क्लिप आडव्या ताणून मी फ्रेम भरून टाकली. पथकाचे एक जुने कार्यकर्ते बघायला आले. एक क्लिप त्यांनी दोनदा मागे घ्यायला लावली आणि हळूच म्हणाले, "बाळा, माझे वडील एवढे रुंद नव्हते रे."

४:३ चित्र ताणून १६:९ केलं की माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. दिवसभर तेच बघून आपली नजर सरावते, घरच्या माणसाची सरावत नाही. म्हणून क्लिप टाइमलाइनवर टाकली की आधी समोरून दिसणारं काहीतरी गोल शोधा. भिंतीवरचं घड्याळ, टॅक्सीचं चाक, ताशाचं तोंड. ते गोल दिसत नसेल तर पुढे जाऊच नका.

उलटा प्रकारही होतो. काही कॅमेरे १६:९ चं चित्र दाबून ४:३ च्याच ७२० बाय ५७६ पिक्सेलमध्ये रेकॉर्ड करायचे. अशा क्लिपमध्ये सगळे उंच, सडपातळ दिसले तर ती रुंद करणंच बरोबर. फाइलचा आकडा दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे आकड्यावर विसंबू नका. आणि ही दुरुस्ती स्केल ओढून नाही, तर क्लिपच्या पिक्सेल ॲस्पेक्ट रेशोच्या (एका पिक्सेलच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणाच्या) सेटिंगमध्ये करा.

आता क्रॉप, म्हणजे ताणण्याऐवजी चित्र वरखाली कापून फ्रेम भरणं. चौकोनी पिक्सेलमध्ये मोजलं तर आपल्या पालचं (आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीचं) चित्र साधारण ७६८ बाय ५७६ होतं. वरखाली कापल्यावर ५७६ पैकी ४३२ रेघा उरतात, म्हणजे पाव चित्र गेलं. उरलेलं १०८० पर्यंत न्यायला अडीच पट मोठं करावं लागतं. मुलाखतीत हे चालून जातं. डोक्यावर मोकळी जागा असते, तिथून कापा, हनुवटीखालून नको.

थरांचं मात्र तसं नाही. मनोरा उभा, त्यामुळे कॅमेरामनने ४:३ ची सगळी उंची वापरलेली. खाली एकमेकांत गुंतलेले खांदे, वर हंडी. मधूनच कापलं तर दोन्ही जातात. मी क्रॉप खालच्या खांद्यांवर ठेवून सुरुवात केली आणि पोझिशनला कीफ्रेम (कुठल्या क्षणी फ्रेम कुठे हवी याच्या खुणा) लावून एक्का, म्हणजे सगळ्यात वर जाणारा गोविंदा, जसा चढत गेला तशी फ्रेम वर नेली. त्याने थांबून श्वास घेतला तिथे फ्रेमही थांबवली. सरळ एकाच वेगाने वर नेल्यावर ते लिफ्टसारखं दिसत होतं, ते तीनदा करून मोडलं.

हंडी फुटते तो शॉट मी कापलाच नाही. मधे १४४० बाय १०८० चं चित्र, दोन्हीकडे २४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या. तिथे फ्रेमच्या अगदी तळाशी, डाव्या कोपऱ्यात, वर बघणारा एक चेहरा आहे. ते त्या कार्यकर्त्यांचे वडील. पट्ट्यांच्या जागी त्याच चित्राचा धूसर फुगवटा भरायची पद्धत आहे, मला ती आवडत नाही. नजर कडेला पळते.

एक क्रम मात्र चुकवू नका. हे फुटेज इंटरलेस असतं, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक रेघांच्या दोन अर्ध्या चित्रांची, फील्डची बनते. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे ५० फील्ड, आणि डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी. डीइंटरलेस (फील्डपासून पूर्ण फ्रेम बनवणं) आधी, मग मोठं करणं. आधी मोठं केलंत तर हलणाऱ्या हातांवरच्या कंगव्यासारख्या रेघा चित्रात मुरतात आणि नंतर काही केल्या निघत नाहीत. टेपवरून आलेली मूळ फाइल तासाला साधारण १३ जीबी भरते. ती जशीच्या तशी दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा आणि पथकालाही एक प्रत द्या.