जुने आउटबोर्ड इंजिन पुन्हा चालू करताना

कित्येक वर्षे कोपऱ्यात पडून राहिलेले, होडीच्या मागे बाहेरून अडकवायचे छोटे इंजिन हाती आले की पहिला मोह होतो तो दोरी ओढून पाहण्याचा. हा मोह आवरावा. सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरलेला असेल, तर दोरीच्या चार झटक्यांत पिस्टनच्या रिंगा तो गंज खरवडत नेतात आणि जे सिलिंडर थोड्या तेलाने वाचले असते त्यावर कायमचे ओरखडे उठतात. अशी इंजिने बहुधा मोडलेली नसतात. पेट्रोल सुकून त्याचा चिकटा झालेला असतो, रबर कडक झालेले असते आणि उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या धातूच्या टोकांवर, म्हणजे पॉइंटवर, ऑक्साइडचा थर चढलेला असतो. या तिन्ही गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या आहेत. म्हणून दोरी जोराने ओढणे हे या कामातले शेवटचे पाऊल समजावे. येथे डोळ्यांसमोर आहे ते दोन ते दहा अश्वशक्तीचे, दोरीने चालू होणारे, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि मॅग्नेटो (चुंबकाच्या साहाय्याने ठिणगीची वीज तयार करणारा भाग) असलेले टू-स्ट्रोक इंजिन.

काम उघड्यावर किंवा वारा खेळेल अशा जागी करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. इंजिनावरच्या पट्टीवरून मॉडेल क्रमांक टिपून त्याची दुरुस्तीपुस्तिका मिळवावी, कारण पुढे दिलेली मापे सर्वसाधारण आहेत आणि आपल्या इंजिनाचे नेमके माप पुस्तिकेतच मिळते. काहीही सोडवण्याआधी छायाचित्र काढून ठेवावे. एखादी छोटी स्प्रिंग कोणत्या भोकात अडकवली होती हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

प्रथम इंजिन फिरते का, ते पाहावे. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून स्पार्क प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर पातळ तेल सोडावे आणि काही तासांनी फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचे जड चाक, हाताने सावकाश फिरवावे. बहुतेक इंजिनांत वरून पाहता ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. ते अडकलेले असेल तर गंज सोडवणारे तेल घालून दिवसभर, गरज पडल्यास आठवडाभर वाट पाहावी आणि रोज थोडे मागेपुढे हलवून पाहावे. पहार लावून किंवा फ्लायव्हीलच्या कडेवर हातोडा मारून ते सुटत नाही. फक्त काहीतरी वाकते. इंजिन मोकळे झाले की दाब मोजावा. दोन्ही प्लग काढलेले, त्यांच्या वायरी इंजिनाच्या धातूला जोडलेल्या आणि थ्रॉटल पूर्ण उघडे, अशा स्थितीत दाबमापक लावून दोरी ओढावी. दोन सिलिंडरांच्या दाबांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नसेल, तर पुढचे काम हाती घ्यायला हरकत नाही. एका सिलिंडरचा दाब फारच कमी असेल, तर आधी त्याचे कारण शोधावे, कारण कार्ब्युरेटर कितीही स्वच्छ केला तरी गळका सिलिंडर सुधारत नाही.

आता ठिणगी. प्लगच्या भोकांपाशी वाफ असते, म्हणून ती भोके बंद करून, ठिणगी तपासण्याचे साधन इंजिनाच्या धातूला पक्के जोडून सावलीत दोरी ओढावी. सुमारे सहा मिलिमीटरची फट ओलांडणारी निळी, टणक आवाजाची ठिणगी दिसली तर मॅग्नेटो चांगला आहे. ठिणगी पिवळसर आणि दुबळी असेल किंवा मुळीच पडत नसेल, तर आधी इंजिन बंद करण्याच्या बटणाची वायर सोडवून पाहावी. जुन्या वायरीचे आवरण तडकून ती धातूला टेकते आणि इंजिन कायमच ‘बंद’ राहते. माझे दोन दिवस एका चांगल्या कॉइलवर (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या वेटोळ्यावर) संशय घेण्यात गेले होते आणि दोष निघाला तो याच बोटभर वायरीचा. तेव्हापासून ही तपासणी मी सर्वांत आधी करतो.

वायर निर्दोष असेल तर फ्लायव्हील काढावे लागते. त्यासाठी मधल्या भोकांत बोल्ट बसणारा पुलरच (चाक ओढून काढण्याचे अवजार) वापरावा. कडेला धरून ओढणाऱ्या पुलरने फ्लायव्हील वाकू शकते. आत पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल दिसतात. कॉइलच्या आवरणाला भेगा पडल्या असतील तर ती बदलावी. पॉइंटची टोके राखाडी, निस्तेज दिसतात. त्यांच्यामधून अगदी बारीक पॉलिश पेपरची पट्टी दोन-चार वेळा ओढावी आणि नंतर अल्कोहोलमध्ये भिजवलेला जाड पांढरा कागद, त्यावर काळा डाग उठेनासा होईपर्यंत ओढत राहावा. शेवटची ही स्वच्छता टाळली तर पेपरची धूळ मध्ये राहते आणि ठिणगी पुन्हा हरवते. पॉइंट जास्तीत जास्त उघडलेले असताना फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, फट पाहावी. अनेक जुन्या इंजिनांत ती ०.५ मिलिमीटरच्या आसपास असते. फ्लायव्हील परत बसवताना त्याची छोटी चावी (चाक दांड्यावर जागच्या जागी धरणारा धातूचा तुकडा) खाचेत नीट बसली आहे याची खात्री करावी आणि नट पुस्तिकेत दिलेल्या ताकदीनेच आवळावा.

इंधनाच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: जुने पेट्रोल, जुन्या नळ्या आणि टाकीतून पेट्रोल पुढे ढकलण्यासाठी हाताने दाबायचा जुना रबरी फुगा यांतले काहीही वाचवण्याचा प्रयत्न करू नये. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतली आर्द्रता शोषते, पाणी तळाशी वेगळे होते आणि जुने रबर आतून सोलवटून त्याचे बारीक कण थेट कार्ब्युरेटरमध्ये जातात. कार्ब्युरेटर काढून त्याची खालची वाटी उघडली की बहुधा तपकिरी, काचेसारखा थर दिसतो आणि शिळ्या व्हार्निशसारखा वास येतो. सर्व जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकांची पितळी तोंडे, काढावेत. मंद गतीच्या मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलकेच आत फिरवून किती फेऱ्यांत टेकतो ते मोजून लिहून ठेवावे. भाग कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजवून प्रत्येक वाट दाबाच्या हवेने फुंकावी आणि या वेळी डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. जेट उजेडाकडे धरून पाहिला असता भोक काठोकाठ गोल दिसले पाहिजे. एका बाजूने चपटे दिसले तर तिथे अजून चिकटा आहे. पितळी जेटमध्ये पोलादी तार घालू नये, कारण भोक केसभर जरी वाढले तरी मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. फ्लोटची (वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई आणि सर्व गॅस्केट नवी घालावीत. फ्लोट बुचाचा असेल आणि त्यावरचा लेप निघाला असेल तर तोही बदलावा, नाहीतर तो पेट्रोल पिऊन जड होतो आणि वाटी ओसंडते.

पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याचे प्रमाण इंजिनाच्या वयानुसार बदलते. ५०:१ प्रमाणासाठी लिटरला २० मिलिलिटर आणि २५:१ साठी ४० मिलिलिटर तेल लागते. बेअरिंगऐवजी साध्या बुशांवर (धातूच्या गुळगुळीत नळकांड्यांवर) चालणाऱ्या जुन्या इंजिनांना जास्त तेल लागते, म्हणून पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेले प्रमाण पाळावे. तेल मात्र ‘टीसी-डब्ल्यू३’ दर्जाचे, पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीचे असावे.

इंजिन चालू होण्याच्या आनंदात सर्वाधिक विसरला जाणारा भाग म्हणजे पाण्याचा पंप. त्यातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी वर ढकलणारे पात्यांचे चाक, वर्षानुवर्षे एकाच स्थितीत दबून राहतो. बाहेर काढल्यावरही त्याची पाती वाकलेलीच राहतात आणि बोटाने सरळ केली तर बुडाशी चिरतात. दिसायला बरा वाटला तरी तो बदलावा. त्यासाठी इंजिनाच्या पाण्यात उतरणाऱ्या पायाचा खालचा भाग सोडवावा लागतो आणि गिअरचा दांडा जिथे जोडलेला असतो ती जागा आधी शोधून ठेवावी लागते. नवा इम्पेलर चावीवर बसवून, पाती ओली करून, दांडा त्याच्या चालण्याच्या दिशेने फिरवत वरचे झाकण दाबावे, म्हणजे सर्व पाती एकाच बाजूला, मागे झुकून बसतात. जुन्या इम्पेलरचे एखादे पाते तुटलेले आढळले तर तो तुकडा शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण तो वरच्या पाण्याच्या वाटेत अडकलेला असण्याची शक्यता असते.

गिअरचे तेल खालच्या स्क्रूतून काढावे. ते दुधाळ असेल तर पाणी आत शिरते आहे आणि सील बदलणे भाग आहे. नवे तेल खालूनच, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरावे आणि वरचा स्क्रू आधी लावून मगच खालचा बंद करावा.

आता इंजिन पाण्याने भरलेल्या पिंपात उभे करावे. पाणी पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरच्या आडव्या पट्टीच्या काही सेंटिमीटर वर असावे. ज्या इंजिनाला न्यूट्रल नाही त्याचा पंखा काढून ठेवावा आणि थ्रॉटल मंदच ठेवावे. नवे प्लग लावावेत, टाकीच्या झाकणाची हवेची वाट उघडावी, फुगा घट्ट होईपर्यंत दाबावा, चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी झडप) ओढावा, थ्रॉटल चालू करण्याच्या खुणेवर आणावे आणि दोरी आधी हळूच ताणून, दात पकडल्यावर एकसंध ओढावी. इंजिन फुरफुरले की चोक निम्मा आत करावा. ते पहिला धूर सोडत असतानाच नजर पाण्याच्या खुणेच्या धारेवर, म्हणजे पंप चालू असल्याचे दाखवत छोट्या नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर, असावी. मिनिटाभरात धार दिसली नाही, किंवा तशी नळी नसलेल्या इंजिनाचे डोके हात लावता येणार नाही इतके तापले, तर ताबडतोब बंद करावे.

इंजिन पाच-दहा मिनिटे तापल्यावर मंद गती साधावी. मिश्रणाचा स्क्रू साधारण दीड फेरी उघडा ठेवून सुरुवात करावी आणि एका वेळी अष्टमांश फेरीच फिरवून, बदलाचा परिणाम दिसायला पंधरा-वीस सेकंद द्यावेत. कार्ब्युरेटरमधून शिंक आल्यासारखा आवाज झाला तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे. इंजिन गुरगुरत जड चालले आणि धूर वाढला तर जास्त आहे. अखेरचे जुळवणे होडी पाण्यात, गिअर टाकून, पंख्यावर भार असतानाच होते, कारण पिंपात नीट वाटणारे इंजिन भाराखाली अनेकदा दम तोडते. काम संपवताना इंधनाची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. खाऱ्या पाण्यात वापर झाला असेल, तर त्याआधी काही मिनिटे गोड्या पाण्यात चालवावे, आणि इंजिन उभेच ठेवून आतले पाणी पूर्ण निथळल्यावरच ते आडवे करावे.