डिस्क टकटक करू लागली की काय करावं

सोसायटीची वार्षिक सभा चार दिवसांवर आली होती आणि खजिनदार म्हणून सगळा हिशेब माझ्या जुन्या लॅपटॉपवर. रात्री फाइल उघडायला घेतली तर आतून टक्... टक्... टक्. सेल संपत आलेल्या घड्याळाचा काटा जागच्या जागी हलतो ना, तसा आवाज. मी शहाण्यासारखा तीनदा बंद-चालू करून पाहिला. चौथ्यांदा डिस्क दिसेनाशीच झाली.

म्हणून पहिली पायरी: आवाज आला की लॅपटॉप बंद करा आणि चार्जर काढा. हार्ड डिस्कचं हेड, म्हणजे डेटा वाचणारा-लिहिणारा भाग, फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. ते बिघडलेलं असताना डिस्क पुन्हापुन्हा चालू केली की तबकडीवर ओरखडे पडू शकतात, आणि ओरखड्याखालचा डेटा मग कुणालाच परत मिळवता येत नाही. डिस्क फ्रीजमध्ये ठेव, हळूच आपटून बघ, असं सांगणारे भेटतीलच. फ्रीजमधून काढलेल्या डिस्कवर दव धरतं, एवढं त्यांना सांगा. डेटा खरोखर हवा असेल तर डिस्क तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या आणि काहीच मिळालं नाही तर किती पैसे घेणार, हे आधी लिहून घ्या.

आवाज नसेल तर बिघाड डिस्कचाच आहे का, ते बघा. स्क्रीन गेली असेल तर एचडीएमआय वायरने टीव्ही जोडा. मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेला असेल तरी डिस्क बहुधा शाबूत असते. ती काढून यूएसबी केसिंगमध्ये घालायची आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायची. साटा आणि एनव्हीएमई या डिस्क जोडण्याच्या दोन पद्धती, त्यांची केसिंग वेगवेगळी येतात, त्यामुळे दुकानात जाताना डिस्क सोबत न्या. हल्लीच्या मॅकबुकमध्ये आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये साठवणीची चिप बोर्डालाच डाखलेली असते, तिथे हा उपाय चालत नाही. विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी सोय, चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाईल. ती बऱ्याचदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. लॅपटॉप धड आहे तोवरच शोधून कागदावर लिहून ठेवा.

लॅपटॉप चालतोय, पण फोल्डर उघडायला मिनिटभर लागतंय? क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर दुसऱ्या मशीनवर डाउनलोड करून पेन ड्राइव्हवरून चालवा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’चा आकडा शून्याच्या वर असेल तर डिस्कवरचे काही भाग वाचले जात नाहीयेत. अशा वेळी चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क-दुरुस्तीचं साधन चालवायचा मोह आवरा, कारण दुरुस्तीच्या नावाखाली ते त्याच आजारी डिस्कवर लिहीत बसतं. आधी परत न मिळणारं उचला: हिशेब, कागदपत्रं, मग फोटो. सिनेमे राहू द्या.

एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपवाली डिस्क, मात्र टकटक करत नाही, बहुतेक वेळा न सांगता जाते. शिवाय ट्रिम (पुसलेल्या फाइलची जागा आपोआप साफ करणारी सोय) चालू असल्यामुळे तिच्यावरून पुसलेली फाइल सहसा परत येत नाही.

आता बॅकअप. जुना नियम 3-2-1 चा: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. एक्स्टर्नल ड्राइव्ह आणून विंडोजमध्ये फाइल हिस्टरी किंवा मॅकवर टाइम मशीन चालू करा. काम झालं की ड्राइव्ह काढून कपाटात ठेवा, कारण रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस, जोडलेल्या ड्राइव्हलाही कुलूप लावतं. क्लाउड सिंक, म्हणजे लॅपटॉपवरच्या फाइली इंटरनेटवर आपोआप जशाच्या तशा जुळवणं, हा बॅकअप नव्हे. लॅपटॉपवर चुकून पुसलेली फाइल तिथूनही जाते, फार तर काही दिवस कचरापेटीत सापडते. गूगलची मोफत 15 जीबी जागा जीमेल आणि फोटोंसकट असते, हेही धरून चाला. जागतिक बॅकअप दिवस 31 मार्चला असतो. आपल्याकडे त्या दिवशी हिशेबनीसाला जेवायला फुरसत नसते, तेव्हा महिन्याची पहिली तारीख धरा.

शेवटची पायरी बहुतेकजण गाळतात: बॅकअपमधली एखादी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. त्या सभेचा ताळेबंद मी पावतीपुस्तकं आणि बँकेचं पासबुक समोर घेऊन दोन रात्रीत पुन्हा टाइप केला. आता एक प्रत सेक्रेटरींच्या कपाटात असते. गेल्या महिन्यात ती त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिली, तर फाइलचा पासवर्ड आठवेना. तो आता सोसायटीच्या लॉकरमध्ये बंद पाकिटात आहे.