खाडी काय अडवते ते मोजायचं कसं

वाशिष्ठी चिपळूणहून येते आणि दाभोळला समुद्राला मिळते. मधल्या खाडीत काय घडतं ते बघायचं तर पावसाळ्यातलं नदीचं गढूळ पाणी आणा आणि दोन बरण्यांत एकेक लिटर ओता. एकीत 35 ग्रॅम जाडं मीठ घाला, साधारण समुद्राइतकं. दोन्ही ढवळून शेजारी शेजारी ठेवा. मिठाच्या बरणीत गाळाचे पुंजके होतात आणि भराभर तळाला बसतात. एकमेकांना दूर ठेवणारा कणांवरचा विद्युतभार मिठाने झाकला जातो ना! नदीतलं बरंचसं लोह असंच खाडीत बसतं, त्याला धरून फॉस्फेटही.

मग होडी काढा. एकाच ओहोटीत चिपळूणजवळच्या गोवळकोटपासून मुखापर्यंत बाटल्या भरा. बाटली आधी त्याच पाण्याने तीनदा विसळायची, नमुना लगेच गाळून बर्फात ठेवायचा. यात मी कुणाचंच ऐकत नाही. आलेखात आडवी प्रत्येक बाटलीची क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा, उभं नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळलेलं नायट्रोजनचं पोषकद्रव्य. बिंदू सरळ रेषेत आले तर नुसती मिसळण. रेषेखाली गेले तर खाडीने नायट्रेट घेतलं, वर गेले तर वाटेत कुठून तरी भर पडली, म्हणून काठावरचे नाले आधीच टिपून ठेवा.

परतताना कांदळवनातला चिखल बोटभर उकरा. खाली काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा. तिथे प्राणवायू संपलेला असतो, म्हणून जिवाणू आधी नायट्रेट वापरून त्याचा नायट्रोजन वायू करतात, मग सल्फेटकडे वळतात. तो वास सल्फेटपासून बनलेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूचा. असा चिखल भरावाखाली गेलेला पाहिला की जीव तुटतो माझा.