फुग्याची बाही: फोटोतून ब्लाऊजवर

गिऱ्हाईक मोबाईल पुढे करतं आणि म्हणतं, "ताई, अश्शीच बाही हवी." फोटो ब्रिटनच्या राजकुमारी डायनाचा, 29 जुलै 1981 च्या लग्नातला. बाही घालायची मालवणात, मे महिन्यात, पत्र्याच्या मांडवात. तेवीस वर्षं मशीनवर बसतेय. असा फोटो आला की मी आधी एकच बघते: हा फुगा आतून कोण उचलून धरतंय?

कारण नुसत्या कापडाचा फुगा टिकत नाही. 1830 च्या दशकात युरोपातल्या बायका बाहीच्या आत पिसं भरलेल्या छोट्या उश्या बांधायच्या. 1895 च्या सुमाराला बाह्या पुन्हा कलिंगडाएवढ्या झाल्या, तेव्हा आत कडक अस्तर आलं. डायनाच्या झग्याचं टॅफेटा हे रेशमी कापड मुळातच कुरकुरीत, तरी बग्गीतून उतरली तेव्हा त्याला सुरकुत्या पडल्याच होत्या. आणि माझ्या आजीच्या ट्रंकेतलं सुती पोलकं? ते उसवून बघितलं तर आत काहीच नाही. ती ते पेजेच्या निवळीत बुडवून वाळत घालायची. सगळी करामत त्या खळीची.

हे कळायच्या आधी मी एका नवरीच्या बहिणीला मऊ साटिनच्या फुग्याच्या बाह्या शिवून दिल्या होत्या. सकाळी झकास दिसत होत्या. अक्षता पडेपर्यंत घामाने आणि दमट हवेने भिजलेल्या पापडासारख्या लोंबल्या. पैसे परत केले, दुसरं काय करणार!

तर आता असं करा. तुमच्या नेहमीच्या बाहीचा आकार खाकी कागदावर काढा. मधोमध वरून खाली कापा, पण खालची कड तोडू नका. वरचा भाग तीन इंच फाकवा, माथा सव्वा इंच उंच घ्या आणि नवी गोलाई आखा. डायनाकडून घ्यायची ती ही उंची. तिची लांबी घेऊ नका, कोपरापर्यंतचा घोळ आपल्याकडे आमटीच्या वाटीत बुडतो. आधी मांजरपाटावर शिवून बघा.

चुण्यांसाठी मोठ्या टाक्याच्या दोन टिपा मारा, टोकं मोकळी सोडा आणि दोरे ओढा. काखेकडे दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच सपाटच ठेवा. तिथे चुण्या गेल्या की शिवण जाड होते, हात वर होत नाही. खांदाही अर्धा इंच आत घ्या, नाहीतर फुगा दंडावर घसरतो. माझा पहिला नमुना घसरलाच होता. सासूबाई बघून म्हणाल्या, "खांद्यार नारळ कित्याक गो?"

आता आतला आधार. कडक नेटची तीन इंच रुंद पट्टी दुहेरी करून चुणून घ्या आणि बाही जोडताना मुंढ्याच्या, म्हणजे बाही जिथे ब्लाऊजला जोडतो त्या गोलाईच्या, शिवणीतच धरा. नेट टोचतं, म्हणून त्यावर मलमलचा तुकडा लावा.

इस्त्री बाहीवर सपाट फिरवू नका. आत टॉवेलची गुंडाळी खुपसून नुसती वाफ द्या. पावसाळ्यात कपाटात ठेवताना फुग्यात कोरा कागद चुरगळून भरा. वर्तमानपत्र नको, दमट हवेत त्याची शाई कापडाला लागते.